एका चिनी अक्षराचे अर्थ आणि उच्चार नीट कसे शोधावेत: चिनी, जपानी, कोरियन, व्हिएतनामी

कुणी जपानहून आलेल्या खोक्याचा फोटो पाठवतं, कुणाला मनगटावर गोंदवून घ्यायचं असतं, कुणी कोरियन मालिका बघता बघता शब्द टिपून ठेवलेला असतो. प्रश्न एकच: "या अक्षराचा उच्चार काय आणि अर्थ काय?" बऱ्याचदा विचारणाऱ्यानं उत्तरही शोधलेलं असतं आणि ते चुकलेलं असतं. अक्षर अ‍ॅपमध्ये टाकलं, पहिला उच्चार उचलला, पहिला अर्थ उचलला, झालं. पण उच्चार शब्दाचा असतो आणि शब्द कुठल्या तरी एका भाषेचा असतो. नुसतं अक्षर हातात धरून "याचा उच्चार" विचारला, तर कोश चार-पाच उच्चार समोर टाकतो आणि त्यातला कोणता घ्यायचा ते सांगत नाही.

म्हणून इथे एकच अक्षर घेऊन सगळी वाट चालून दाखवतो. "जाणे, चालणे, करणे, रांग, पेढी" हे सगळे अर्थ एकाच वेळी अंगावर घेतलेलं हे अक्षर आहे. ते शोधताना होणाऱ्या चुका इतर शेकडो अक्षरांच्या बाबतीतही होतात, म्हणून हेच निवडलं.

## तयारी

चौकटीची वही आणि पेन्सिल घ्या. अक्षर मी मुद्दाम छापलेलं नाही. रेघा शब्दांत सांगतो, तुम्ही काढा. हातानं काढलेल्या अक्षराचे भाग लक्षात राहतात आणि कोशात शोधताना तेच उपयोगी पडतात.

प्रत्येक भाषेसाठी त्या भाषेचा कोश वापरा. चिनीसाठी पलेको, जपानीसाठी जिशो, कोरियनसाठी नेव्हरचा हांजा (कोरियनमधल्या चिनी अक्षरांचा) कोश, व्हिएतनामीसाठी कोणताही हान-व्हिएत (चिनी-व्हिएतनामी) कोश. विक्शनरी आणि युनिकोडचा युनिहान माहितीसंच यांत सगळ्या भाषांचे उच्चार एकाच पानावर मिळतात, पण तिथून सुरुवात करू नका. ती पानं शेवटी पडताळणीला उघडायची.

देवनागरीत उच्चार लिहिताना दोन खुणा ठरवून टाका. शेवटचा अनुनासिक "वाङ्मय" शब्दातल्या ङ् सारखा आहे. आपण सवयीनं त्याच्यापुढे ग जोडतो, तो जोडायचा नाही. म्हणून मी "शिंग" न लिहिता "शिङ्" लिहितो. जपानीतला लांब स्वर अवग्रहानं दाखवतो: "कोऽ". हा स्वर आखूड केला की शब्दच बदलतो.

## टप्पा १: अक्षर वहीत काढा

एकूण सहा रेघा. आधी डावा भाग: वरून डावीकडे उतरणारी आखूड तिरकी रेघ, तिच्याखाली तशीच जरा लांब तिरकी रेघ, आणि या दुसरीच्या मधून सरळ खाली येणारी उभी रेघ. मग उजवा भाग: वर आखूड आडवी रेघ, खाली जरा लांब आडवी रेघ, आणि त्या खालच्या रेघेपासून उतरणारी उभी रेघ, जिच्या टोकाला डावीकडे छोटा आकडा आहे.

तपासा: रेघा मोजा. पाच किंवा सात भरल्या तर अक्षर दुसरं आहे किंवा तुमचं काहीतरी सुटलंय. पुढे जाऊ नका.

कोशात अक्षरांची मांडणी ज्या घटकांखाली करतात त्यांना मूलभाग म्हणू. आता कोशात ते कोणत्या मूलभागाखाली शोधायचं? डावा तीन रेघांचा भाग बघून बहुतेकजण तिकडे जातात, कारण "नंतर", "वाट पाहणे" अशी पुष्कळ अक्षरं त्याच्याखाली आहेत. पण १७१६ च्या कांगशी कोशाच्या २१४ मूलभागांत आपलं अक्षर स्वतःच एक मूलभाग आहे, क्रमांक १४४. त्याचे दोन भाग अलग करून मधे दुसरं काही बसवलं की "रस्ता", "तंत्र" अशी अक्षरं तयार होतात. जपानचे अक्षरकोश हीच पद्धत पाळतात. काही आधुनिक चिनी कोश मात्र याला डाव्या भागाखाली टाकतात. एका कोशात सापडलं नाही म्हणून अक्षर चुकीचं ठरवू नका, दुसऱ्या मूलभागाखाली बघा.

## टप्पा २: रूप आणि संकेतांक पक्का करा

काही अक्षरं चीनमध्ये सोपी केली गेली, काही जपानमध्ये वेगळ्या तऱ्हेनं सोपी झाली, आणि तैवान, हाँगकाँग, कोरियात जुनी राहिली. आपलं अक्षर सगळीकडे तेच आहे. हे सुदैव प्रत्येक अक्षराच्या वाट्याला येत नाही, म्हणून ही पायरी कधीही गाळू नका.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसतच नाही. युनिकोड म्हणजे संगणकावर प्रत्येक अक्षराला क्रमांक (संकेतांक) देणारं मानक. हुबेहूब हेच चित्र त्यात तीन वेगळ्या संकेतांकांवर आहे. एक नेहमीचं अक्षर. एक कांगशी मूलभागांच्या यादीतलं. आणि तिसरं कोरियन मानकातून आलेलं. त्या मानकानं एकापेक्षा जास्त उच्चार असलेली अक्षरं उच्चारागणिक पुन्हा नोंदवली होती, आणि अशी २६८ जादा अक्षरं युनिकोडला सुसंगतीसाठी सामावून घ्यावी लागली.

इशारा: मूलभागांच्या तक्त्यातून अक्षर उचलून कोशात चिकटवलं आणि "काही सापडलं नाही" असं आलं, तर कोशाला दोष देऊ नका. बोटानं किंवा माउसनं अक्षर पुन्हा रेखाटून शोधा, नेहमीचा संकेतांक आपोआप मिळतो.

## टप्पा ३: मजकूर कोणत्या भाषेतला आहे ते ठरवा

हा टप्पा गाळूनच सर्वात जास्त चुका होतात. अक्षराच्या शेजारी बघा. वळणदार, सुटसुटीत चिन्हं मिसळलेली असतील तर जपानी. गोल आणि काड्यांच्या चौकटी असतील तर कोरियन. रोमन अक्षरांवर-खाली भरपूर खुणा असतील तर व्हिएतनामी.

नुसतीच चिनी अक्षरं असतील तर शेजारचं अक्षर साक्षीला घ्या. समजा "बँक" या अर्थाचा शब्द आहे. त्यातलं पहिलं अक्षर "चांदी", दुसरं आपलं. चांदीच्या डावीकडचा "धातू" हा भाग पाच रेघांत उरकलेला असेल तर मजकूर चीनमधला किंवा सिंगापूरचा. पूर्ण आठ रेघांचा असेल तर तैवान, हाँगकाँग, जपान किंवा कोरिया. आपलं अक्षर या बाबतीत काहीच सांगत नाही, सांगतो तो शेजारी.

## टप्पा ४: शब्द कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते बघा

चिनी आणि जपानीत शब्दांमध्ये मोकळी जागा सोडत नाहीत. आधी-नंतरची एक-दोन अक्षरं घेऊन पूर्ण शब्द कोशात शोधा, एकटं अक्षर नको.

आपल्या आकड्यांकडे बघा. "२" हा आकडा "दोन" वाचतो, पण "२रा" लिहिलं की "दुसरा". "१ला" म्हणजे "पहिला", आणि त्यात "एक"चा मागमूसही नाही. मागे आलेला "रा" किंवा "ला" आकडा कसा वाचायचा ते ठरवतो. हे लक्षात असू द्या, जपानीच्या टप्प्यात जसंच्या तसं लागणार आहे.

## टप्पा ५: चिनी उच्चार

मॅन्डरिनमध्ये, म्हणजे प्रमाण चिनीत, आधी अर्थाच्या दोन टोपल्या करा. चालणं, जाणं, करणं, चालू असणं: उच्चार शिङ्, चढता स्वर (चढता-उतरता म्हणताना "स्वर" म्हणजे आवाजाची पट्टी, अ-आ-इ नव्हे). रांग, ओळ, धंदा, पेढी: उच्चार हाङ्, तोही चढता.

पादचारी, सायकल, प्रवास, कृती, प्रशासन हे सगळे शब्द शिङ्. बँक, उद्योगक्षेत्र, जाणकार माणूस, त्या विषयातला अडाणी माणूस हे सगळे हाङ्. जाणकाराला "पेशाच्या आतला" आणि अडाण्याला "पेशाच्या बाहेरचा" म्हणतात, म्हणून तिथे धंद्याचा उच्चार.

तपासा: "एक" हे अक्षर आणि त्यापुढे आपलं अक्षर. "मंत्री आणि त्यांच्यासोबतची मंडळी" अशा अर्थानं असेल तर "यी शिङ्". "मजकुराची एक ओळ" असेल तर "यी हाङ्". वाक्य वाचल्याशिवाय उत्तर देता येत नाही. कुणी वाक्याविना उत्तर देत असेल तर तो अंदाज आहे.

दोन गोष्टी कोश ठळकपणे सांगत नाहीत. पहिली: आजच्या मॅन्डरिनमध्ये रोजच्या चालण्याला वेगळंच क्रियापद आहे, "चोऊ". आपलं अक्षर एकटं आलं तर त्याचा अर्थ "ठीक आहे, जमेल". मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, कारण आपणही "चालणे" या क्रियापदापासून "चालेल" म्हणतो. "शिङ् बु शिङ्?" म्हणजे तंतोतंत "चालेल का?"

दुसरी: "शील, वर्तन" या अर्थाला पूर्वी उतरत्या स्वराचा वेगळा शिङ् होता. चीनच्या मुख्य भूमीवरच्या प्रमाण उच्चारात तो चढत्या स्वरात मिसळून टाकला, तैवानमध्ये टिकून आहे. "सद्वर्तन" हा शब्द दोन कोशांत दोन स्वरांनी दिसला तर दोन्ही कोश आपापल्या जागी बरोबर आहेत.

हाँगकाँगचा मजकूर असेल तर कँटोनीज, म्हणजे तिथली चिनी बोली, वेगळी शोधा. तिथे रोजचं "चालणे" याच अक्षरानं लिहितात आणि हाङ् असं लांब "आ" लावून म्हणतात. "हाङ् गाय" म्हणजे बाजारात भटकणं, "हाङ् सान" म्हणजे डोंगर चढायला जाणं. ग्रांथिक शब्दांत तेच अक्षर आखूड हङ् होतं आणि बँकेत होङ्. मॅन्डरिनचा "हाङ्" म्हणजे रांग-पेढी आणि कँटोनीजचा "हाङ्" म्हणजे चालणं. एकाचा उच्चार दुसऱ्याच्या रकान्यात लिहिला की पुढचं सगळं उलटं होतं.

## टप्पा ६: जपानी उच्चार

इथे सावकाश जा. जपानीत या अक्षराचे सर्वसाधारण वापराच्या यादीतले उच्चारच सहा आहेत: तीन चिनी वळणाचे, तीन देशी. कोशात चिनी वळणाचे उच्चार कोनदार काताकाना लिपीत आणि देशी उच्चार गोलसर हिरागानात देतात. आपल्याकडे "पाणी" आणि "जलप्रवास" असं असतं तसंच: एकटं असताना देशी शब्द, समासात गेलं की परका. फरक एवढाच की जपानीत दोन्ही एकाच अक्षरानं लिहितात.

६.१ मागे हिरागाना आहे का बघा. असेल तर बहुधा देशी उच्चार. मागे "कु" असेल तर इकु किंवा युकु, म्हणजे जाणे. मागे "उ" असेल तर ओकोनाउ, म्हणजे पार पाडणे. "१ला" आणि "२रा" हाच न्याय.

इशारा: भूतकाळात हा न्याय लंगडा पडतो. "गेला" (इत्ता) आणि "पार पाडला" (ओकोनात्ता) या दोन्हींचं लिखित रूप सारखंच होतं. १९७३ च्या शासकीय नियमांनी "ओकोनाउ" लिहिताना एक "ना" जास्त लिहायची मुभा ठेवली आहे, पण सगळे ती वापरत नाहीत. मग कर्माकडे बघा. "परीक्षा", "समारंभ" असं कर्म असेल तर ओकोनात्ता, ठिकाणाचं नाव असेल तर इत्ता.

६.२ समास असेल तर चिनी वळणाचा उच्चार. आता तीनपैकी कोणता? कोऽ, ग्योऽ की आन?

कोऽ: प्रवास (र्योकोऽ), बँक (गिंकोऽ), कृती (कोऽदोऽ), आईवडिलांची सेवा (कोऽकोऽ; यातला दुसरा कोऽ आपला, पहिला "मातृपितृभक्ती"चा).

ग्योऽ: प्रशासन (ग्योऽसेई), रीतभात (ग्योऽगी), वार्षिक कार्यक्रम (ग्योऽजी), मिरवणूक किंवा दुकानाबाहेरची रांग (ग्योऽरेत्सु), साधना (शुग्योऽ), खडतर तप (कुग्योऽ).

आन: फार थोडे शब्द. कागदी दिवा (आंदोन), भिक्षूची पायी यात्रा (आंग्या).

नियम म्हणून सांगता येईल ते इतकंच: बौद्ध शब्द आणि "ओळ" या अर्थाचे शब्द बहुधा ग्योऽ, नंतर घडवलेले आधुनिक शब्द बहुधा कोऽ. पण प्रशासन आधुनिक असूनही ग्योऽ आहे. त्यामुळे हा नियम ओळख पटवायला वापरा, उच्चार ठरवायला नको. उच्चार शब्दकोशातूनच घ्या.

तपासा: मघाचाच "एक" आणि आपलं अक्षर. "सोबतची मंडळी" असेल तर "इक्कोऽ", "एक ओळ" असेल तर "इचिग्योऽ". मॅन्डरिनमध्ये शब्द जिथे फुटला होता तिथेच तो इथेही फुटतो.

६.३ अपवादांची नोंद ठेवा. "ठावठिकाणा" हा शब्द युकुए. बेपत्ता माणसाच्या बातमीत हाच असतो. "साथ पसरणे, फॅशनमध्ये असणे" या क्रियापदात आपलं अक्षर दुसरं असूनही वाचन हायारु, म्हणजे दोन्ही अक्षरांवर मिळून एक देशी शब्द बसवलेला. अशा ठिकाणी "यातला आपल्या अक्षराचा उच्चार कोणता?" हा प्रश्नच लागू होत नाही.

जपानी शिकणाऱ्या मराठी मुलांना "का-ग्योऽ", "सा-ग्योऽ" पहिल्याच धड्यात भेटतात. ते हेच अक्षर, अर्थ "ओळ". का, सा, ता, ना, हा, मा हा क्रमही आपल्या वर्णमालेच्याच क्रमावरून गेलेला आहे, म्हणून तो आपल्याला पाठ करावा लागत नाही.

## टप्पा ७: कोरियन उच्चार

कोरियात आज चिनी अक्षरं क्वचितच छापतात. तुम्हाला हंगुल लिपीतला शब्द मिळेल आणि त्यामागचं अक्षर शोधायचं असेल, म्हणजे दिशा उलटी.

मुख्य उच्चार हेङ्. दुसरा हाङ्. कोरियन कोश अक्षराची ओळख अर्थ आणि उच्चार जोडून देतात: "दानिल हेङ्", म्हणजे "ये-जा करणे या अर्थाचा हेङ्". ही जोडी पूर्ण उतरवून घ्या, नुसता "हेङ्" लिहू नका. कारण "आनंद, सुदैव" या अर्थाचं एक वेगळं अक्षरही हेङ् आहे आणि जर्दाळूचं अक्षरही हेङ् आहे.

ठळक उदाहरण "उनहेङ्" या शब्दाचं. त्याचा अर्थ बँक. आणि सोलच्या रस्त्यांवर शरद ऋतूत पिवळ्या होणाऱ्या गिंको झाडाचं फळ, तेही उनहेङ्. हंगुलमध्ये दोन्ही अक्षरशः एकसारखे. बँकेत आपलं अक्षर आहे, फळात जर्दाळूचं. "हेङ्बोक" म्हणजे सुख, त्याचाही आपल्या अक्षराशी संबंध नाही.

लक्षात आलं का, मॅन्डरिनमध्ये बँकेला "पेढी"चा वेगळा उच्चार होता, कोरियनमध्ये तो भेद पाळलेला नाही? प्रवासातला आणि बँकेतला हेङ् एकच. "हाङ्" उरला तो मुख्यतः कुळातली पिढीची पायरी दाखवणाऱ्या शब्दात, "हाङन्यॉल". हाच शब्द त्याच दोन अक्षरांनी "हेङन्यॉल" वाचला की मिरवणूक किंवा गणितातलं मॅट्रिक्स. अक्षरं तीच, म्हणून मूळ लिखाणात हा फरक फक्त संदर्भातून कळतो.

## टप्पा ८: व्हिएतनामी उच्चार

इथे लिपी रोमन आहे, त्यामुळे अक्षर दिसणारच नाही. पण उच्चारांतले भेद चिनीपेक्षाही नीट जपलेले आहेत.

हान्ह, उतरता स्वर: जाणे, करणे. सामान (हान्ह ली), ग्रह (हान्ह तिन्ह).

हान्ह, खाली टिंब असलेला तुटक स्वर: शील, सद्वर्तन. मॅन्डरिनमधला तो उतरत्या स्वराचा जुना उच्चार आठवा, त्याचाच हा भाऊ.

हाङ्, उतरता स्वर: रांग, पेढी, माल. बँक म्हणजे "ङान हाङ्".

इशारा: खुणा गाळून शोधलंत तर फसाल. उतरत्या स्वराचा "हान्ह" म्हणजे कांदाही होतो आणि तो अस्सल देशी शब्द आहे. टिंबवाला "हान्ह" सुखाच्या शब्दातही येतो, पण ते कोरियन हेङ्बोकमधलंच अक्षर, आपलं नव्हे.

हानोईच्या जुन्या पेठेत रस्त्यांची नावं "हाङ्"नं सुरू होतात. "हाङ् बाक" म्हणजे चांदीवाल्यांची गल्ली. यातला "बाक" म्हणजे बोलीतली चांदी आणि "ङान हाङ्"मधला "ङान" म्हणजे चिनी वळणाची चांदी. दोन्ही शब्दांत चांदी आणि पेढी हेच आहे, फक्त क्रम उलटा. देशी रचनेत मुख्य नाम आधी येतं, चिनी रचनेत शेवटी. व्हिएतनामी शब्द चिनी वळणाचा आहे का, हे ओळखायला ही खूण बऱ्याचदा उपयोगी पडते.

## टप्पा ९: ताळा करा

आता उच्चारांचा तक्ता आडवा मांडा आणि जुळतो का बघा. शेवटी ङ् असेल तर मॅन्डरिन, कँटोनीज, कोरियन, व्हिएतनामी चारही ठिकाणी ङ् किंवा न्ह हवा, आणि जपानीत त्याच्या जागी लांब स्वर हवा: हङ्, हेङ्, हान्ह आणि कोऽ. सुरुवातीला कँटोनीज, कोरियन, व्हिएतनामीत "ह" असेल तर जपानीत अनेकदा "क" किंवा "ग". मॅन्डरिनमध्ये "इ"च्या आधी तोच "ह" घासून "श" झालेला.

"शिकणे" हे अक्षर घेऊन हात बसवा: मॅन्डरिन श्यूए, कँटोनीज होक, जपानी गाकु, कोरियन हाक, व्हिएतनामी होक. शेवटचा क् मॅन्डरिननं टाकून दिला, जपानीनं त्याला "कु" केलं, बाकीच्यांनी तसाच ठेवला.

ताळा जुळला नाही तर कारण बहुधा तीनांपैकी एक असतं: जपानीच्या रकान्यात देशी उच्चार गेला आहे ("इकु" कशाशीच जुळणार नाही), तुम्ही दोन वेगळी अक्षरं एक धरलीत, किंवा उच्चार उशिरा आलेला आहे. जपानी "आन" या तिसऱ्या प्रकारातला आहे, तो जुळत नाही म्हणून खोडू नका.

शब्दांचाही ताळा करा. उच्चार जुळले म्हणजे शब्द सगळीकडे आहे असं होत नाही. "ग्रह" चिनीत शिङ्-शिङ्, कोरियनमध्ये हेङ्सॉङ्, व्हिएतनामीत हान्ह तिन्ह, सगळ्यांत आपलं अक्षर. जपानीत मात्र "वाकुसेई", त्यात ते नाहीच. चिनी "शिङ्-ली" म्हणजे प्रवासाचं सामान, पण तीच अक्षरं जपानीत "कोऽरी", म्हणजे विणलेली पेटी.

गणित किंवा संगणकाचा मजकूर असेल तर आणखी जपून. चीन, जपान, कोरियात तक्त्यातल्या आडव्या ओळीला हे अक्षर वापरतात. तैवानमध्ये हेच अक्षर उभ्या स्तंभाला, आणि आडव्या ओळीला दुसरं. तैवानचं पुस्तक वाचून मॅट्रिक्स मांडलंत तर ते आडवं पडेल.

## टप्पा १०: अर्थ सर्वात शेवटी लिहा

अर्थ लिहिताना अक्षरासमोर एक शब्द लिहू नका. भाषा, शब्द, उच्चार, अर्थ, असा एकेक गठ्ठा लिहा.

हे का, ते प्रज्ञापारमिता हृदयसूत्रात दिसतं. चिनी पाठ ह्युएनत्सांगच्या नावावर आहे, २६० अक्षरांचा, आणि जपान, कोरिया, व्हिएतनाममधल्या विहारांतही आपापल्या उच्चारात तोच म्हणतात. त्यात आपलं अक्षर सुरुवातीलाच येतं. जपानीत "ग्योऽ जिन हान्न्या...", कोरियनमध्ये "हेङ् सिम बान्या...". मूळ संस्कृतात तिथे "चर्यां चरमाणः" आहे, म्हणजे आचरण करत असता. थोड्या ओळी पुढे तेच अक्षर पुन्हा येतं: जपानीत "जु सोऽ ग्योऽ शिकी". मूळ: वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान. म्हणजे इथे तेच अक्षर "संस्कार" आहे. उच्चार दोन्हीकडे ग्योऽ, अक्षर तेच, आणि अर्थ दोन. दोन्ही ठिकाणी "जाणे" लिहून सूत्राचं भाषांतर केलेलं मी पाहिलं आहे, आणि त्यातून काहीही हाती लागत नाही.

महाराष्ट्रातल्या बौद्ध घरांत दुःखाच्या प्रसंगी "अनिच्चा वत संखारा" म्हणतात. जपानीत ती ओळ "शोग्योऽ मुजोऽ". त्यातला "ग्योऽ" म्हणजे हाच संखार. बौद्ध मजकुरात हे अक्षर आलं की आधी पाली-संस्कृत मूळ शोधा. आपल्या हाताशी ते शब्द आहेत, इतर वाचकांना ते परके वाटतात.

गोंदवून घेणाऱ्यांसाठी: एकट्या अक्षराला संदर्भ नसतो. बीजिंगचा माणूस ते "ठीक आहे" असं वाचेल, हाँगकाँगचा "चाल", जपानी माणूस "जा" किंवा "ओळ". "साधना" हवी असेल तर "शुग्योऽ"ची दोन्ही अक्षरं घ्या.

## सराव

आता स्वतः करा. चिनीत बँकेच्या प्रमुखाचा शब्द दोन अक्षरांचा आहे: आपलं अक्षर, आणि पुढे असं अक्षर ज्याचे अर्थ "लांब" आणि "प्रमुख, वाढणे" असे दोन आणि मॅन्डरिन उच्चारही दोन, "छाङ्" आणि "चाङ्". दोन्ही अक्षरं दुहेरी. टप्पा ५ नं सुरुवात करा, उत्तर "हाङ् चाङ्" यायला हवं. मग तोच अर्थ जपानीत शोधा. तिथे "तोऽदोरी" मिळेल आणि त्यात या दोन्हींपैकी एकही अक्षर नसेल. कोरियनमध्ये "उनहेङ्जाङ्" मिळेल, त्यात दोन्ही असतील. तीनही नोंदी वहीत वेगवेगळ्या ओळींवर, भाषेच्या नावासकट लिहा.